शेवटच्या पाटीवरून

सन १८८५च्या रंगपंचमीला कल्याणच्या मैदानावर ठाण्याच्या इंग्रजी शाळेतली पोरं कोलशेतच्या पोरांकडून आट्यापाट्यांत हरली. सलग तिसऱ्या वर्षी हरली. पोरांचं दुःख गाडी ठाण्याला पोचेपर्यंत निम्मं ओसरलं होतं. त्यांचे गणिताचे मास्तर त्र्यंबक गद्रे मात्र खिडकीशी बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. त्यांना भलतीच गोष्ट छळत होती. हे हरणं त्यांना समजतच नव्हतं.

कारण त्यांनी आधी सगळं मोजून पाहिलं होतं. हेडमास्तरांचं खिशातलं घड्याळ मागून आणून त्यांनी नऊही पोरांना तलावाकाठी पळवलं होतं. मधु गुप्ते तर असा पळे, की घड्याळाचा काटा मागे राहतोय असं वाटावं. घरची दूधभाताची पोरं, उंचीनं थोराड. उलट कोलशेतची पोरं काटकुळी, मिठागरात राबणारी, दोघांच्या तर पायांना खाऱ्या पाण्यानं भेगा पडलेल्या. त्र्यंबकमास्तर तेवीस वर्षांचे होते आणि त्यांचा असा विश्वास होता, की उत्तर चुकलं म्हणजे कुठलीतरी पायरी चुकलेली असते. ती सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

खेळ तर साधा. जमिनीवर एकामागे एक आडव्या पाट्या आखायच्या आणि त्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी. एका बाजूचा एकेक गडी एकेका पाटीवर उभा राहतो, ती सोडून त्याला हलता येत नाही. फक्त सूर म्हणून जो असतो, तो मधल्या उभ्या पाटीवरून हवा तिथे धावू शकतो. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तशाच परत यायच्या. परत आला तो लोण घेऊन आला. वाटेत कुणाचा हात लागला की बाद. यात कोलशेतच्या पोरांना काय असं ठाऊक होतं, जे आपल्या पोरांना नव्हतं?

पावसाळा संपला, मिठागरांची कामं सुरू झाली, तसे एका रविवारी सकाळी मास्तर पायीच निघाले. बाळकुम मागे टाकलं, खाडीकाठचं चिखलाचं खाजण लागलं, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत ते कोलशेतच्या बांधावर उभे राहिले. गुडघाभर चिखलात एक बुटका, पोट सुटलेला माणूस बांध लिंपत होता. हाच धाकू. पोरांना खेळ शिकवणारा. मास्तरांनी त्याला मैदानाच्या कडेला बसलेला पाहिलं होतं, पण तो उभा राहिल्यावर इतका बुटका असेल असं वाटलं नव्हतं.

"तू धाकू ना?" मास्तरांनी विचारलं.

"हाव. न तुमी शालेचं मास्तर. हरताना पगडी कारून डोकां खाजवत व्हतां."

मास्तर ओशाळले. "मला तुझा सराव बघायचा आहे. तुझं काही गुपित असेल तर तसं सांग, मी परत जातो."

"गुपित कसलां? त्या वरच्या बांधावं बसा. खालचा ओला हाय."

मग धाकू पुन्हा लिंपायला लागला. मास्तर दोन तास बसले. खेळ काही सुरू झाला नाही. पोरं डोक्यावर मातीच्या टोपल्या घेऊन वीतभर रुंदीच्या बांधांवरून ये-जा करत होती. दोघं समोरासमोर आले की थांबत नसत. एक जण अंग चोरून कडेवर तोलायचा, दुसरा निघून जायचा, आणि टोपलीतली माती सांडायची नाही. मास्तरांना वाटलं, सापडली पायरी. त्यांनी वहीत लिहिलं : टोपली. तोल.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या आवारात लाकडी फळ्या टाकल्या गेल्या आणि त्यांच्यावरून पोरं विटांच्या टोपल्या घेऊन चालू लागली. चौथ्या दिवशी एकाच्या पायावर वीट पडली. पाचव्या दिवशी दोन पालक हेडमास्तरांकडे आले आणि त्यांनी विचारलं, की आमची मुलं इथे इंग्रजी शिकायला येतात की गवंडीकाम? फळ्या उचलल्या गेल्या.

पण मास्तर पुढच्या रविवारी पुन्हा कोलशेतला गेले.

या खेपेला त्यांना खेळ दिसला. काम आटोपल्यावर सुक्या पडलेल्या एका वाफ्यात पोरांनी टाचेनं पाट्या ओढल्या. धाकू बांधावर बसला. तो ओरडत नव्हता, हातवारे करत नव्हता. एखादं पोर बाद झालं की ते निमूट त्याच्याजवळ येई, आणि तो एवढंच विचारी, "काय बगितलास?"

"तो वाकला."

"कंच्या अंगाला?"

पोर विचारात पडे. कधी सांगे, कधी म्हणे, "नाय बगितला." नाही म्हटलं तरी धाकू रागवत नसे. "मंग परत जा, बग," एवढंच.

मास्तरांनी लिहून घेतलं. पण तासाभरात त्यांच्या लक्षात आलं, की लिहिलेलं जुळत नाहीये. एका पोराला धाकूनं चुकल्याबरोबर झापलं. तीच चूक दुसऱ्यानं केली तर त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्याला तर चुकल्यावर, "बेस केलास" म्हणाला. एकाला त्यानं सलग वीस वेळा तीच हुलकावणी करायला लावली, आणि एका पोराला दुसऱ्यांदा करू दिली नाही. चार रविवार गेले आणि वहीची बारा पानं भरली. प्रत्येक नियमाच्या खाली त्याच्याच उलट नियम लिहिलेला होता.

शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "धाकूबा, यात नियम कोणता? तेच चुकलं तर एकाला शिव्या आणि एकाला शाबासकी, हे कसं?"

'धाकू'चा धाकूबा कधी झाला आणि 'तू' कधी गळून पडला, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

धाकू हसला. "तो फिलिप हाय ना, त्येला शिव्या दिल्या का तो हसतो न दुप्पट खेलतो. त्येच्या बापाशीला तशीच सवय. न हा दौलत, त्येला नुसता 'ए' म्हटला तरी रातची भाकर जात नाय. आता दोगांना येकच औशद कसां देऊ?"

"पण हे तुम्हाला कळलं कसं?"

"बगून. पयलं सा महिनं मी कुनालाच काय सांगत नाय. नुसता बगतंय. तुमी न्हाय का बांधावं बसून बगत?"

ते बघत होते खरे, पण बघत होते धाकूकडे. पोरांकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून ते पोरांकडे बघू लागले. सगळ्यांत आधी नजरेत भरला तो बोस्को. पंधरा वर्षांचा, ताडासारखा सरळ, गालाला खळी. त्याची आई सबीना गावाच्या टोकाला असलेल्या क्रिस्तांव आळीत राहायची, भात लावायची आणि भाजी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. बाप नव्हता. बोस्को कोलशेतचा सूर होता. तो मधल्या पाटीवरून धावू लागला की समोरच्यांना निसटायला फट मिळत नसे. तीन वर्षं ठाण्याच्या पोरांना तिसऱ्या-चौथ्या पाटीच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं ते त्यानंच. आणि सगळ्यांत मागे, शेवटच्या पाटीवर, जिथे बोस्कोमुळे कुणी पोचतच नसे, तिथे तो दौलत उभा असे. सतरा वर्षांचा, जाड पिंढऱ्यांचा, हळू. तीन वर्षं त्याला करायला काम नव्हतं. मास्तरांना वाटे, नववा गडी मिळत नाही म्हणून याला ठेवलेला असावा.

पौषातल्या एका रविवारी धाकूनं पोरांना बोलावून सांगितलं, "आजपासना दौलत सूर. बोस्को, तू मांगं जा, शेवटच्या पाटीवं."

दौलतनं वळून बोस्कोकडे पाहिलं. बोस्कोला वाटलं ही थट्टा आहे. तो हसत उभा राहिला. धाकू हसला नाही, तेव्हा त्याची खळी गेली.

"मी काय केलाय?" बोस्कोनं विचारलं.

"काय नाय केलास. जा मांगं."

बोस्को गेला. तासभर तो शेवटच्या पाटीवर कमरेवर हात ठेवून उभा होता. दौलत मधल्या पाटीवर अडखळत होता, समोरची पोरं त्याच्या बाजूनं सहज निसटत होती. खेळ संपला तसा बोस्को एकटाच चालू लागला. मास्तरांनी धाकूला विचारलं, "असं का केलंत?"

"बगू या," धाकू म्हणाला, आणि पायावरचा चिखल धुवायला गेला.

मास्तर ठाण्याला परतताना सगळ्या वाटेत हाच प्रश्न घोळवत राहिले. संघातला उत्तम गडी सामन्याच्या अडीच महिने आधी अडगळीत टाकायचा, हे कुठल्या हिशेबात बसतं?

तीन दिवसांनी शाळा सुटताना बोस्को फाटकाशी उभा होता. बरोबर सबीना होती, डोक्यावर भाजीची रिकामी हारी.

"मास्तर," सबीना म्हणाली, "हा बोलतंय मना शालत जायाचा हाय. पाद्रीबाबाच्या शालत चार बुकां शिकलाय. तुमी त्याला घ्याल?"

मास्तरांना आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली. त्यांनी बोस्कोला बाजूला घेतलं. "शिकायचंय म्हणून आलास, की धाकूबांवर रागावून आलास?"

बोस्को म्हणाला, "रागावलोय. पन शिकायचांय ते पयल्यापासना. ते दोनी खरां हाय."

उत्तर प्रामाणिक होतं. मास्तरांनी स्वतःलाही तोच प्रश्न विचारला : मुलाचं भलं व्हावं म्हणून घेतोयस, की सूर हवा म्हणून? तिथेही दोन्ही खरं होतं. त्यांनी त्याच आठवड्यात हेडमास्तरांकडे रदबदली करून बोस्कोचं नाव बिनफीचं लावून घेतलं. आणि मग कोलशेतला जायचं त्यांना होईना. सामन्यापर्यंतचे सगळे रविवार ते घरीच बसले.

शाळेच्या संघात बोस्को सूर झाला. पहिल्या दिवशी त्यानं आठही जणांना एका दमात बाद केलं. मास्तरांना वाटलं, आता प्रश्नच मिटला. पण चार-सहा दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं, की बोस्को धावायला लागला की पाट्यांवरची बाकीची पोरं हात खाली सोडून त्याचा खेळ बघत उभी राहतात. मधु गुप्ते तर फुगून बसला होता. बोस्को येईपर्यंत संघात मोठा तोच होता.

मास्तरांनी मग धाकूची रीत धरली. बाद झालेल्याला बोलावून विचारायचं, "काय बघितलंस?" पण शाळेतल्या पोरांना मास्तरांनी प्रश्न विचारला म्हणजे परीक्षा, एवढंच माहीत. "मास्तर, चुकलो," असं म्हणून ती हात पुढे करत. छडी नाही, खरंच जाणून घ्यायचंय, हे पटायला त्यांना तीन आठवडे लागले. मग हळूहळू कुणी म्हणू लागलं, "त्याचा डावा पाय आधी उचलला गेला." कुणी म्हणे, "तो माझ्याकडे बघतच नव्हता, म्हणून मी फसलो."

मधु मात्र दर वेळी एकच सांगे, "काही नाही बघितलं."

आधी मास्तरांना तो उद्धटपणा वाटला. मग त्यांना आठवलं, धाकू सहा महिने नुसता बघत बसतो. त्यांनी मधुला काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं आणि आठवडाभर वर्गात, आवारात, रस्त्यात त्याच्याकडे बघत राहिले. मधु पुस्तक नाकाला लावून वाचत होता. फळ्यावरची गणितं शेजारच्याच्या वहीतून उतरवत होता. तलावाकाठी पळताना तो खाली मान घालून पळायचा आणि पाट्यांत शिरला की सरळ समोरच्याच्या अंगावर जायचा. एके दिवशी मास्तर रस्त्याच्या पलीकडून त्याच्याकडे बघून हसले. मधुनं त्यांच्याकडे बघितलं आणि तसाच पुढे गेला.

मास्तर मागून धावले. "मधु, तिथे कोण उभं होतं?"

"मास्तर, तुम्ही?" मधु दचकला. "मला वाटलं कुणीतरी... पगडीवाला..."

"तुला लांबचं दिसत नाही?"

मधुचे डोळे भरले. "घरी सांगू नका. आजोबा म्हणतील, वाचून वाचून डोळे घालवले. शाळा बंद करतील."

मास्तर रस्त्याच्या मध्येच उभे राहिले. तीन वर्षं हा मुलगा त्यांच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत होता. त्याचा वेग त्यांनी घड्याळ लावून मोजला होता. आणि त्याला फळा दिसत नाही, हे त्यांना आज कळत होतं. त्या संध्याकाळी ते मधुच्या आजोबांकडे गेले आणि पुष्कळ वेळ बोलून त्यांनी एवढं कबूल करून घेतलं, की मुंबईला नेऊन चष्मा करून आणू, शाळा सुटणार नाही. चष्मा यायला वेळ होता. तोवर मास्तरांनी मधुला पाट्या ओलांडायच्या कामातून काढलं आणि तिसऱ्या पाटीवर उभं केलं. दोन हातांवर आलेला माणूस त्याला स्वच्छ दिसायचा. लांबचं दिसत नाही म्हणून लांबच्या हुलकावण्यांना तो फसायचाच नाही. जवळ येईपर्यंत तो नुसता उभा राही, आणि जवळ आलं की त्याच्याइतका चपळ कोणी नव्हता.

रंगपंचमी आली. कल्याणच्या मैदानाभोवती माणसं दाटली. शाळेची पोरं ड्रिलमास्तरांसह रेल्वेनं आली, कोलशेतची पोरं पहाटेच्या भरतीवर होडीनं खाडीतून वर आली होती. मास्तर आणि धाकूची नजरानजर झाली. धाकूनं हात वर केला. मास्तरांनी मान खाली घातली.

एका घटकेचा डाव ठरला. आधी कोलशेतनं पाट्या ओलांडायच्या होत्या. बोस्को आपल्याच सवंगड्यांसमोर सूर म्हणून उभा राहिला. फिलिपनं त्याला ओरडून काहीतरी म्हटलं, तो हसला, आणि डाव सुरू झाला. बोस्कोच्या हातून सुटलेले गडी निर्धास्तपणे तिसऱ्या पाटीकडे आले आणि मधुनं त्यांना टिपलं. एक नाही, दोन नाही, सात वेळा टिपलं. लोकांत कुजबुज झाली, हा उंच पोरगा कोण? तरीही कोलशेतनं तीन लोणं आणली. पण मागच्या वर्षी त्यांनी अकरा आणली होती.

मग शाळेची पाळी. कोलशेतच्या मधल्या पाटीवर दौलत उभा राहिला, तेव्हा ठाण्याची पोरं एकमेकांकडे बघून हसली. दौलत धावतच नव्हता. तो मधल्या पाटीवर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करी आणि थांबे. पण गंमत अशी, की ज्या फटीतून निसटायचं म्हणून पोरगा झेप घेई, त्या फटीत दौलतचा हात आधीच आलेला असे. घाई नाही, झडप नाही. दार लावून घ्यावं तसा हात. तरी शाळेनं एक लोण आणलं, मग दुसरं. घटका संपत आली. एक लोण आलं तर बरोबरी.

बोस्को निघाला. पहिल्या पाटीवर त्यानं फिलिपला गरगर फिरवलं. दुसरी, तिसरी, पाचवी. लोक उभे राहिले. सगळ्या पाट्या पार करून तो वळला आणि परत येऊ लागला. दोन पाट्या उरल्या होत्या. दौलत त्याच्यासमोर आला. बोस्कोनं डावा खांदा पाडला, सगळं अंग डावीकडे झुकवलं, आणि उजवीकडे उडी घेतली. दौलत डावीकडे हललाच नाही. त्याचा उजवीकडचा हात बोस्कोच्या छातीला अगदी हलकेच लागला.

कोलशेत एका लोणानं जिंकलं.

आरडाओरडा झाला, रंग उधळला गेला. बोस्को तिथेच उभा होता. मास्तर त्याच्याकडे निघाले, पण तो आधी दौलतकडे गेला.

"तुला कसां कललां?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दौलत लाजला. "उजवीकरं जायाचा झाला का तुजा डावा खांदा परतो. दर टायमाला."

"धाकूदादानं सांगितला?"

"नाय रं. त्यानं काय नाय सांगितला. तीन वरसां मी मांगं उबा व्हतो. तू कुनाला येऊ देत नव्हतास, मंग मना काम काय? तुलाच बगत व्हतो. सगल्यांनाच बगत व्हतो."

बोस्कोनं डावा खांदा चाचपून पाहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मास्तर चार पावलांवर ऐकत उभे होते. पौषातला तो रविवार त्यांच्या डोळ्यांसमोर आला, कमरेवर हात ठेवून उभा असलेला बोस्को आला, आणि मागे जायला का सांगितलं होतं तेही लख्ख कळलं.

इतक्यात धाकू धापा टाकत त्यांच्यापाशी आला. जिंकल्याचं काही बोललाच नाही. "मास्तर, तो उंच पोरगा! गेल्या साली तो आंधल्यावानी धावत व्हता. त्येला तिसऱ्या पाटीवं कुनी ठेवला? कशाला ठेवला?"

"मोठी गोष्ट आहे," मास्तर म्हणाले.

"मंग होडीत बसा. भरती उतरायला लागली हाय. तुमची पोरां तुमच्या ड्रिलमास्तरासंगं गारीनं जातील. बोस्कोला तसाबी आमच्यासंगंच यायाचा हाय."

मास्तर आजवर खाडीतून होडीनं गेले नव्हते. ते बसले. दुपारचं ऊन पाण्यावर पसरलं होतं, दोन्ही काठांना तिवरं हलत होती. त्यांनी मधुची सगळी हकीगत सांगितली. धाकू मधूनमधून प्रश्न विचारत राहिला : पुस्तक किती जवळ धरायचा? जिना उतरताना कसा उतरायचा? ऐकताना तो इतका पुढे वाकला, की वल्हवणाऱ्यानं त्याला मागे सरकायला सांगितलं.

मग मास्तरांनी मनातलं काढलं. "धाकूबा, मी तुमचा गडी नेला. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आलो नाही."

"गडी माजा कसा? त्येला शिकायचां व्हतां." होडीच्या टोकाला बोस्को आणि दौलत बसले होते. धाकू म्हणाला, "चुकलां ते मनाच चुकलां. तो लय चांगला व्हता, मास्तर. म्हनून बगनां सोडला व्हता त्यानं. मना वाटलां, मांगं उबा ऱ्हायला का दिसल सगलां. पन त्येला मी सांगितला नाय, कशाला धाडतंय. दौलतला मांगं ठेवला तो कवा रागावला नाय, मंग हा पन नाय रागावनार, आसां धरून चाललो. दोन पोरां येगली असतात, ह्या मीच दुनियेला सांगत फिरतंय, न मीच इसरलो."

हा माणूस चुकू शकतो, असं मास्तरांनी वहीत कुठेच लिहिलं नव्हतं.

बोस्कोनं ते ऐकलं असावं. तो उठून तोल सावरत मागे आला आणि धाकूच्या शेजारी बसला. धाकूनं सरकून त्याला जागा दिली आणि विचारलं, "शालत काय शिकवतात रं तुना?"

"भूमिती," बोस्को म्हणाला. त्यानं होडीतल्या मातीच्या चुलीतून विझलेल्या कोळशाचा तुकडा उचलला आणि फळीवर त्रिकोण काढला. "ह्या बग दादा. सरल ग्येलास तर येवरां अंतर. तिरपा ग्येलास तर जास्ती. हे नेमानं शाबीत करता येतां."

"ह्या मना म्हाईत हाय," धाकू म्हणाला. "पन पाटीवं तिरपा जानारा लवकर पोचतो."

"तसां कसां? अंतर जास्ती हाय ना!"

"सरल जानाऱ्याला अडवायला मानूस उबा असतो बाबा!"

पोरं हसली, मास्तरही हसले. मग फिलिप मध्ये पडला, दौलतनं कोळसा घेतला आणि त्रिकोणात अडवणारा माणूस काढला, आणि कोलशेतचा धक्का दिसेपर्यंत त्या फळीवर इतक्या रेघा झाल्या, की त्रिकोण कुठे होता ते कुणालाच सांगता येईना. वाद मिटला नाही.

धक्क्यावर उतरून मास्तर बोस्कोबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत गेले. सबीना ओट्यावर भात पाखडत होती. हरल्याचं ऐकून तिनं फक्त मान हलवली. मग सूप खाली ठेवून विचारलं, "मास्तर, खरां सांगा. हा पास होईल?"

वर्षापूर्वी मास्तरांनी लगेच हो किंवा नाही सांगितलं असतं. आता त्यांनी जरा विचार केला. "अजून मला सांगता यायचं नाही, बाई. दोनच महिने झालेत. इंग्रजीत अडतो, पण तो नेमका कशानं अडतो ते मला अजून उमगलेलं नाही. लहानपणी कसा होता हो हा? बोलायला कधी लागला?"

सबीनानं त्यांच्याकडे जरा नवलानं बघितलं. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं बोस्कोला एक शहाळं सोलून आणायला सांगितलं, ओट्याची जागा पदरानं झाडली आणि म्हणाली, "बसा. तो लय उशिरा बोलायला लागला. झाला काय..."

मास्तर बसले.